अर्धवाहक संधी आणि इलेक्ट्रॉनी संक्रमणे : डॉ. वसंत गोविंद भिडे यांच्या संशोधनकार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याचा आधुनिक इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात प्रामुख्याने कापूस, सहकार आणि राजकारण यांचा विचार होतो. वणीचे लोकनायक बापूजी अणे किंवा १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले पुसद परिसरातील वसंतराव नाईक यांची नावे या इतिहासात ठळकपणे येतात आणि ते योग्यच आहे. परंतु याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाचे नाव जिल्ह्याच्या इतिहासात क्वचितच आढळते. ते नाव म्हणजे डॉ. वसंत गोविंद भिडे (१९२५-२००६). पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मात्र त्यांनी घनस्थिती भौतिकीत केलेल्या कामाकडे, विशेषतः अर्धवाहक संधी आणि पदार्थांतील इलेक्ट्रॉनी संक्रमणे या विषयांवरील संशोधनाकडे, इतिहासाच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

विज्ञानाचा इतिहास अनेकदा शोधांच्या आणि सन्मानांच्या यादीत अडकतो. एखादे संशोधन कोणत्या संस्थेत झाले, तेथे कोणती साधने होती, त्याच वेळी जगात त्या प्रश्नाची स्थिती काय होती आणि पुढे त्या संशोधनाचे काय झाले, हे प्रश्न मागे पडतात. डॉ. भिडे यांचे कार्य या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ते एका अध्यापन करणाऱ्या शासकीय संस्थेत, नंतर एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत आणि शेवटी एका विद्यापीठात, अशा तीन भिन्न स्वरूपाच्या संस्थांत घडले. स्वातंत्र्योत्तर भारतात संशोधन कोठे व्हावे, या वादाचे तिन्ही टप्पे एका व्यक्तीच्या कारकिर्दीत पाहावयास मिळतात.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) अर्धवाहक संधी व इलेक्ट्रॉनी संक्रमण या संकल्पनांच्या विकासाचा थोडक्यात आढावा घेणे.
२) या विकासाच्या पार्श्वभूमीवर डॉ. भिडे यांच्या संशोधनाचे स्थान निश्चित करणे.
३) अध्यापन संस्था, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्या परस्परसंबंधांविषयी या इतिहासातून काय निष्पन्न होते ते तपासणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध झालेले शोधनिबंध आणि विषयाचा ज्ञात इतिहास यांवर विवेचन आधारलेले आहे.

१. पार्श्वभूमी : वऱ्हाड आणि विज्ञानाचे उच्च शिक्षण

१९२५ साली यवतमाळ जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत होता. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी अमरावती येथे किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी येथील विद्यार्थ्याला विज्ञानाची पदवी घ्यावयाची तर अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंदमापी रेल्वे कापसाच्या गाठींसाठी टाकली गेली होती. त्याच गाडीने शिकणारी मुलेही जिल्ह्याबाहेर जात. उच्च विज्ञानशिक्षण म्हणजे स्थलांतर, हे समीकरण त्या पिढीसाठी अपरिहार्य होते.

याच कालखंडात भौतिकीतही मोठे परिवर्तन घडत होते. १९२५-२६ या वर्षांत पुंजयामिकीचा पाया घातला गेला. पुढील दोन दशकांत तिच्या आधारे घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनांचे वर्तन समजावून घेण्याचे प्रयत्न झाले. डॉ. भिडे यांनी पुढे ज्या प्रश्नांवर काम केले ते सर्व याच प्रयत्नांतून निर्माण झालेले होते. म्हणून त्यांच्या कामाकडे वळण्यापूर्वी दोन मूळ संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

२. संधी आणि संक्रमण : दोन संकल्पनांचा विकास

विद्युत्‌वहनाच्या दृष्टीने पदार्थांचे वाहक, निरोधक आणि अर्धवाहक असे वर्गीकरण केले जाते. अर्धवाहकाचे खरे महत्त्व त्याच्या एकट्याच्या गुणधर्मांपेक्षा तो दुसऱ्या पदार्थाला जेथे भिडतो त्या सीमेवर प्रकट होते. १८७४ मध्ये फर्डिनांड ब्राउन यांना असे आढळले की, काही धातूंच्या सल्फाइडांवर धातूचे टोक टेकविल्यास विद्युत्‌प्रवाह एका दिशेने सुलभतेने व दुसऱ्या दिशेने अवघडपणे वाहतो. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग करून विद्युत्‌चुंबकीय लहरी टिपणारे साधन तयार केले. त्यासाठी १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहक संधीच्या इतिहासात भारताचा उल्लेख इतक्या आरंभीच्या काळापासून करावा लागतो.

या एकदिशी वहनाची कारणमीमांसा मात्र १९३८-३९ च्या सुमारास शॉटकी आणि मॉट यांनी केली. १९४० मध्ये बेल प्रयोगशाळेतील रसेल ओल यांना सिलिकॉनच्या एका तुकड्यावर प्रकाश पडताच अनपेक्षितपणे मोठे विद्युत्‌दाब मिळाले. त्या तुकड्यात अशुद्धींच्या असमान वाटणीमुळे एक भाग ऋण प्रकारचा व दुसरा धन प्रकारचा झाला होता. त्यांच्या सीमेवर पी-एन संधी तयार झाली होती. डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला, १९४९ मध्ये शॉकली यांनी संधीचा सिद्धांत मांडला आणि १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौर घट जाहीर केला.

दुसरी संकल्पना इलेक्ट्रॉनी संक्रमणाची. १९३७ मध्ये डी बोअर आणि व्हर्वे यांनी एक अडचण निदर्शनास आणली. पट्ट सिद्धांतानुसार निकेल ऑक्साइडसारखे पदार्थ धातूप्रमाणे वाहक असावयास हवेत. प्रत्यक्षात ते निरोधक आहेत. इलेक्ट्रॉनांमधील परस्पर प्रतिकर्षणामुळे ते आपापल्या अणूपाशी बांधले जातात, ही कल्पना पायर्ल्स आणि मॉट यांनी पुढे आणली. म्हणजे एकाच पदार्थात इलेक्ट्रॉन स्थानबद्ध किंवा सामूहिक अशा दोन अवस्थांत असू शकतात. तापमान, दाब किंवा रासायनिक घटक बदलल्यास एका अवस्थेतून दुसरीत संक्रमण होऊ शकते.

या दोन संकल्पनांमध्ये एक साम्य आहे. संधी ही दोन पदार्थांमधील अवकाशातील सीमा आहे, तर संक्रमण ही एकाच पदार्थाच्या दोन अवस्थांमधील, तापमानाच्या अक्षावरील सीमा आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : सीमेच्या अलीकडे व पलीकडे इलेक्ट्रॉन काय करतात, आणि प्रत्यक्ष सीमेवर काय घडते? डॉ. भिडे यांचे वरवर विखुरलेले भासणारे संशोधन या एका प्रश्नाभोवती गुंफलेले आहे.

३. मुंबईचे पर्व : विज्ञान संस्थेतील संशोधन

डॉ. भिडे यांच्या संशोधनाचा पहिला महत्त्वाचा टप्पा मुंबईच्या विज्ञान संस्थेत घडला. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या नावाने १९२० मध्ये सुरू झालेली ही संस्था शासकीय होती आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. येथील प्राध्यापकांना पदवी व पदव्युत्तर वर्ग शिकवावे लागत. शहरात टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापना ही दोन मोठी केंद्रे उभी राहत होती. शासनाचा मोठा निधी व लक्ष तिकडे होते. अशा परिस्थितीत एका अध्यापन संस्थेत संशोधन करावयाचे तर विषयाची निवड फार काळजीपूर्वक करावी लागे.

१९६० व १९६१ या वर्षांत ‘फिजिका’ या नियतकालिकात भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मँगॅनीजच्या ऑक्साइडांवरील निबंध प्रसिद्ध झाले. मँगॅनीज डायऑक्साइडचे परावैद्युत गुणधर्म आणि मँगॅनीजच्या ऑक्साइडांची विद्युत्‌वाहकता हे त्यांचे विषय होते. विदर्भातील वाचकाला मँगॅनीज परिचित आहे, कारण नागपूर आणि भंडारा भागातील खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मात्र ज्या खनिजाचा व्यापार टनांत होई, त्याच्या ऑक्साइडातील इलेक्ट्रॉन कसे वागतात हा प्रश्न मूलभूत भौतिकीचा होता. डी बोअर व व्हर्वे यांनी दाखविलेली अडचण याच वर्गातील ऑक्साइडांची होती.

यानंतर डॉ. भिडे यांनी एका नव्या तंत्राचा स्वीकार केला. रुडॉल्फ मॉसबॉवर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शोधावर ते आधारलेले होते. बंदुकीतून गोळी सुटताना बंदूक मागे हटते, त्याप्रमाणे गॅमा किरण उत्सर्जित करताना मुक्त अणुकेंद्र मागे हटते व किरणाची ऊर्जा किंचित घटते. परंतु अणुकेंद्र घन स्फटिकात घट्ट बसलेले असेल तर काही वेळा हा धक्का संपूर्ण स्फटिक पेलतो आणि किरणाची ऊर्जा जवळजवळ अबाधित राहते. लोह-५७ या समस्थानिकाच्या १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणाची रेषा इतकी अरुंद असते की, उगमाला सेकंदाला काही मिलिमीटर वेगाने मागेपुढे हलविल्यासही तिच्यात पडणारा फरक मोजता येतो. त्यामुळे अणुकेंद्राभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची घनता, त्यांच्या मांडणीतील असममिती आणि चुंबकीय क्षेत्र यांची माहिती मिळते.

अध्यापन संस्थेच्या दृष्टीने या तंत्राचे वैशिष्ट्य लक्षणीय होते. त्यासाठी अणुभट्टी किंवा कणत्वरक प्रयोगशाळेच्या दारात असावा लागत नसे. सुमारे ९ महिन्यांच्या अर्धायुकालाचा कोबाल्ट-५७ चा उगम, ध्वनिक्षेपकाच्या तत्त्वावर चालणारी हलविण्याची यंत्रणा, गॅमा किरण मोजणारा गणक आणि तापमान नियंत्रित करणारी भट्टी एवढ्या साहित्यावर टेबलावर प्रयोग मांडता येई. मोजणी मात्र तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस चालत असे. खर्चाची उणीव चिकाटीने भरून काढता येईल असे हे तंत्र होते.

१९६५ मध्ये भिडे आणि एम. एस. मुलतानी यांनी बेरियम टायटनेटमध्ये लोह-५७ च्या अणुकेंद्रांचा अभ्यास ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केला. बेरियम टायटनेट सुमारे १२० अंश सेल्सिअसखाली फेरोइलेक्ट्रिक असते, म्हणजे बाहेरील विद्युत्‌क्षेत्राशिवायही त्यात विद्युत्‌ध्रुवण टिकून राहते. या संक्रमणाच्या वेळी स्फटिकातील एक विशिष्ट कंपन ‘मऊ’ पडते, असा सिद्धांत कॉक्रन यांनी १९६० मध्ये मांडला होता. मॉसबॉवर वर्णपटाच्या तीव्रतेत संक्रमणबिंदूजवळ होणारा बदल हा त्या सिद्धांताचा स्वतंत्र पुरावा ठरू शकत होता.

त्याच वर्षी या दोघांनी ‘सॉलिड स्टेट कम्युनिकेशन्स’मध्ये बिस्मथ फेराइटवरील निबंध प्रसिद्ध केला. हा पदार्थ सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत फेरोइलेक्ट्रिक असतो आणि सुमारे ३७० अंशांपर्यंत त्याच्या लोह अणूंचे चुंबकत्व आलटून पालटून विरुद्ध दिशांना मांडलेले असते. विद्युत्‌ध्रुवण व चुंबकीय क्रम एकाच पदार्थात नांदत असल्याने तो त्या काळी एक कुतूहलाचा विषय होता. सुमारे ४ दशकांनंतर, २००३ मध्ये, अमेरिकेतील आर. रमेश यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर हा पदार्थ जगभरातील प्रयोगशाळांत अभ्यासिला जाऊ लागला. मुंबईतील एका शासकीय अध्यापन संस्थेतून १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध या प्रवाहाच्या उगमाजवळ उभा आहे, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदविलीच पाहिजे.

४. दिल्लीचे पर्व : लॅन्थॅनम कोबाल्टाइटचे संक्रमण

नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ही स्वतंत्र भारताच्या विज्ञानविषयक आकांक्षांचे प्रतीक होती. ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले. के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक होते. डॉ. भिडे यांच्या संशोधनाचा दुसरा टप्पा या प्रयोगशाळेत घडला.

येथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न लॅन्थॅनम कोबाल्टाइटचा होता. या ऑक्साइडात कोबाल्टचे आयन दोन प्रकारच्या अवस्थांत राहू शकतात. निम्न-स्पिन अवस्थेत इलेक्ट्रॉन जोड्यांनी बसतात व चुंबकत्व नाहीसे होते. उच्च-स्पिन अवस्थेत ते विखुरतात व चुंबकत्व प्रकट होते. दोन अवस्थांच्या ऊर्जेतील फरक इतका अल्प आहे की केवळ तापमान वाढविल्याने आयन एका अवस्थेतून दुसरीत जाऊ लागतात. १९६७ मध्ये राका आणि गुडइनफ यांनी असा दावा केला होता की, अधिक उच्च तापमानाला या पदार्थात स्थानबद्ध इलेक्ट्रॉनांचे सामूहिक इलेक्ट्रॉनांत एकदम संक्रमण होते. हेच जॉन गुडइनफ पुढे लिथियम-आयन विद्युत्‌घटाच्या कार्यासाठी २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

डॉ. भिडे, डी. एस. राजोरिया, जी. रामा राव आणि त्या वेळी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत असलेले रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनी या प्रश्नावर संयुक्तपणे काम केले. त्यांचा निबंध १९७२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पदार्थातच किरणोत्सारी कोबाल्ट-५७ समाविष्ट केला. कोबाल्टच्या जागी बसलेले हे अणुकेंद्र क्षय पावून लोह-५७ बनते आणि त्याच जागेवरून गॅमा किरण बाहेर पडतो. अशा रीतीने कोबाल्टच्या परिसराची माहिती मिळविण्याची युक्ती साधली गेली. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापासून सुमारे १२०० केल्व्हिनपर्यंत मोजमापे घेण्यात आली. कमी तापमानाला बहुसंख्य आयन निम्न-स्पिन अवस्थेत असतात, सुमारे २०० केल्व्हिनपर्यंत त्यांतील काही उच्च-स्पिन अवस्थेत जातात, त्यापुढे आयनांमध्ये इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होऊ लागते आणि सुमारे १२१० केल्व्हिनला स्थानबद्ध ते सामूहिक असे संक्रमण होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९७५ मध्ये याच नियतकालिकात त्यांचा पुढील निबंध आला. लॅन्थॅनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घातल्यास हा पदार्थ चुंबकीय व धातुसदृश होतो. एकाच नमुन्यात, एकाच तापमानाला, स्ट्रॉन्शियमयुक्त चुंबकीय पुंजके आणि लॅन्थॅनमयुक्त अचुंबकीय भाग शेजारीशेजारी असतात, असे मॉसबॉवर वर्णपटावरून दिसून आले. ‘चुंबकीय प्रावस्थांचे विभाजन’ हा पुढील दशकांत ऑक्साइडांच्या अभ्यासातील एक मध्यवर्ती विषय झाला.

या संशोधनाची मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. कोबाल्टच्या जागी निर्माण झालेले लोह कोबाल्टच्या अवस्थेची साक्ष देते की स्वतःच्या प्रकृतीनुसार वेगळी अवस्था धारण करते, हा प्रश्न या तंत्राबाबत कायम राहतो. तसेच १९९६ मध्ये कोरोटिन आणि सहकाऱ्यांनी निम्न व उच्च यांच्या दरम्यान एक मध्यम-स्पिन अवस्था सुचविली आणि लॅन्थॅनम कोबाल्टाइटविषयीचा वाद नव्याने सुरू झाला. १९७२ च्या निबंधाने प्रश्न संपविला असे म्हणता येणार नाही. पण वादाची भाषा आणि मोजमापांची चौकट घडविण्यात त्याचा वाटा आहे. दरम्यान १९७३ मध्ये टाटा मॅकग्रॉ-हिल प्रकाशनाने डॉ. भिडे यांचा मॉसबॉवर परिणाम व त्याचे उपयोग या विषयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत गेल्यावरही शिक्षकाची वृत्ती सुटली नव्हती, याचा हा पुरावा मानता येईल.

५. सौर घटाची संधी : एका अपूर्ण यशाचा इतिहास

१९७३ च्या तेलसंकटाने सौर ऊर्जेचा प्रश्न ऐरणीवर आणला. सिलिकॉनचे एकस्फटिक महाग होते. त्यामुळे स्वस्त पातळ थरांच्या सौर घटांकडे लक्ष वळले. १९५४ मध्येच, म्हणजे सिलिकॉन सौर घटाच्याच वर्षी, अमेरिकेत रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांना कॅडमियम सल्फाइड व तांबे यांच्या संपर्कात प्रकाशविद्युत परिणाम आढळला होता. त्यातूनच कॅडमियम सल्फाइड-क्युप्रस सल्फाइड सौर घट विकसित झाला.

या घटाची कृती आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर क्युप्रस क्लोराइडच्या गरम द्रावणात काही सेकंद बुडवावयाचा. पृष्ठभागावरील कॅडमियमची जागा तांबे घेते आणि क्युप्रस सल्फाइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. येथे दोन वेगवेगळ्या पदार्थांची संधी असते. क्युप्रस सल्फाइड प्रकाश शोषून घेते, तर कॅडमियम सल्फाइडची ऊर्जादरी मोठी असल्याने ते इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम करते. परंतु दोघांच्या स्फटिकजालकांत ४ ते ५ टक्क्यांची तफावत असल्याने सीमेवर दोष राहतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे तांबे स्थिर राहत नाही. ते कॅडमियम सल्फाइडमध्ये शिरते, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि तांबे व गंधक यांचे प्रमाण २:१ पासून थोडे जरी ढळले तरी घटाची कार्यक्षमता घसरते.

म्हणूनच संधीच्या आत, खोलीनुसार, नेमके कोणते घटक कोठे आहेत हे पाहणे निकडीचे होते. १९८१ मध्ये भिडे, साल्कलाचेन, रस्तोगी, राव आणि हेगडे यांनी या घटाच्या थरांच्या रचनेचा एक्स-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन व ऑजे इलेक्ट्रॉन वर्णपटमितीने केलेला अभ्यास इंग्लंडमधील ‘जर्नल ऑफ फिजिक्स डी’मध्ये प्रसिद्ध केला. या तंत्रांत आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग थोडा थोडा खरवडला जातो आणि प्रत्येक पातळीवरील अणू ओळखले जातात. सौर घटांवर काम करणारी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि पृष्ठभागांच्या वर्णपटमितीत पुढे असलेली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याशिवाय हे काम शक्य नव्हते.

या प्रकारच्या घटाने १९८० च्या सुमारास अमेरिकेत ९ ते १० टक्क्यांची कार्यक्षमता गाठली, तरी अस्थिरतेमुळे तो मागे पडला. भारतातही व्यापारी वाटचाल सिलिकॉनच्या मार्गाने झाली. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये देशातील पहिला सौर घट तयार केला. परंतु संधीचे रसायन समजल्याखेरीज तिचे भौतिकशास्त्र समजत नाही, हा या अपयशातून मिळालेला धडा पुढील पातळ थरांच्या सर्व घटांना उपयोगी पडला. कॅडमियम सल्फाइड हा पदार्थही टाकाऊ ठरला नाही. कॅडमियम टेल्युराइडच्या घटांत त्याला दुसरा जोडीदार मिळाला.

६. पुण्याचे पर्व : संशोधनाकडून संस्थेकडे

१९८० च्या दशकात डॉ. भिडे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हेच विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. विद्यापीठात ऊर्जा अभ्यास प्रशाला उभी राहण्यात त्यांचा पुढाकार होता. सौर घटांच्या प्रश्नाने त्यांना हे शिकविले होते की, ऊर्जा हा एका विभागाचा विषय नाही. भौतिकी, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवरील तो विषय आहे. पुढील काळात पुण्याच्या भारतीय विद्या भवनातील मुक्तांगण विज्ञान शोधिका या, मुलांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करू देणाऱ्या उपक्रमाशीही त्यांचे नाव जोडले गेले. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

७. मूल्यमापन

स्वातंत्र्यानंतर संशोधन कोठे व्हावे याविषयी भारतीय शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होते. मेघनाद साहा यांच्यासारख्यांचा आग्रह होता की, विद्यापीठांना बळ द्यावे. राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी विद्यापीठांतील उत्तम माणसे व निधी ओढून नेईल. प्रत्यक्षात धोरण प्रयोगशाळांच्या बाजूने झुकले. त्याचा परिणाम म्हणून महाविद्यालय म्हणजे शिकविण्याचे ठिकाण व प्रयोगशाळा म्हणजे संशोधनाचे ठिकाण, अशी विभागणी रूढ झाली आणि हळूहळू ती स्वाभाविक वाटू लागली.

डॉ. भिडे यांच्या कार्याचा इतिहास ही विभागणी प्रश्नांकित करतो. दीर्घकाळ टिकलेल्या महत्त्वाच्या दृष्टीने पाहिल्यास १९६५ चे बिस्मथ फेराइटवरील काम, जे एका अध्यापन संस्थेत झाले, ते पुढे राष्ट्रीय प्रयोगशाळेत झालेल्या कामाच्या तोडीचे ठरते. साधनांच्या बाबतीत मुंबईची संस्था दुर्बळ होती. पण तेथे प्रश्नाला अनुरूप असे तंत्र निवडण्याची दृष्टी आणि शोधनिबंधाचा सहलेखक होऊ शकेल असा विद्यार्थिवर्ग होता. दुसरीकडे, १९७२ व १९८१ चे काम दोन संस्थांच्या सहकार्यातून झाले. महत्त्वाचे संशोधन संस्थांच्या सीमेवर घडले, हे येथे स्पष्ट दिसते.

या निष्कर्षावर एक आक्षेप घेता येईल. विज्ञान संस्था मुंबईत होती. ग्रंथालये, नियतकालिके आणि इतर शास्त्रज्ञांचा सहवास तेथे सहज उपलब्ध होता. यवतमाळ, गडचिरोली किंवा नंदुरबार येथील महाविद्यालयाची तुलना तिच्याशी करणे न्याय्य नाही. हा आक्षेप बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. किंबहुना त्यातून मूळ मुद्दा अधिक धारदार होतो. एका यवतमाळकराला संशोधक होण्यासाठी जिल्हा सोडावा लागला, हे १९४० च्या दशकात अपरिहार्य होते. आज शोधनिबंध संगणकावर मिळतात, पदार्थांचे नमुने साध्या भट्टीत तयार करता येतात आणि महागड्या उपकरणांवरील मोजमापे विद्यापीठांच्या सामायिक केंद्रांत करून घेता येतात. अशा वेळी जिल्ह्याच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञान विभागाने केवळ अभ्यासक्रमातील ठराविक प्रयोग करून घ्यावेत, ही अपेक्षा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्याविषयीच्या चर्चेत कारखाने, गुंतवणूक आणि परदेशी भागीदार यांचा उल्लेख होतो. संधी म्हणजे काय आणि सीमेवरचा एक दोष संपूर्ण घट कसा निकामी करतो, हे ज्याला स्वतःच्या हातांनी मोजून कळले आहे अशा मनुष्यबळाचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. हे मनुष्यबळ कारखान्यात जन्मास येत नाही. ते बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत, डायोडचा आलेख काढताना, तो तसाच का येतो असे विचारणाऱ्या शिक्षकापाशी घडते.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.
१) डॉ. भिडे यांचे ऑक्साइड, फेरोइलेक्ट्रिक पदार्थ, कोबाल्टाइट व सौर घट या विषयांवरील संशोधन सीमेवरील इलेक्ट्रॉनांचे वर्तन या एका सूत्राने जोडलेले आहे.
२) त्यांपैकी बिस्मथ फेराइट व स्ट्रॉन्शियमयुक्त कोबाल्टाइट यांवरील कामाचे महत्त्व पुढील दशकांत वाढत गेले, सौर घटावरील कामाचा मार्ग व्यापारी दृष्ट्या यशस्वी झाला नाही, तरी त्याने संधीविषयीच्या ज्ञानात भर घातली.
३) मर्यादित साधनांच्या अध्यापन संस्थेत, योग्य तंत्राच्या निवडीने, जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते, याचे हे प्रमाणभूत उदाहरण आहे.
४) जिल्ह्यांच्या इतिहासलेखनात वैज्ञानिकांचा समावेश होणे आवश्यक आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या शाळा-महाविद्यालयांत डॉ. भिडे यांचे नाव पोहोचावे ते एका मोठ्या माणसाचा जन्म येथे झाला या अभिमानापुरते नसावे. त्यांनी हाताळलेला प्रश्न, त्यांनी निवडलेले तंत्र आणि त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या उत्तरांसह ते पोहोचावे. लॅन्थॅनम कोबाल्टाइटच्या आयनांच्या अवस्थेवर अजूनही निबंध लिहिले जातात, आणि त्या वादात भाग घेण्यास आवश्यक असलेली पहिली भट्टी कोणत्याही पदव्युत्तर विभागात उभी करता येण्याजोगी आहे.